अकराव्या रांगेतले आजोबा

१

अकराव्या रांगेच्या टोकाला बाबागाड्या ठेवायचं छप्पर आहे. त्याखालच्या बाकावर एक म्हातारा माणूस बसलेला दिसला, तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. पार्किंगपासून बागेच्या दारापर्यंत फेरीगाडी चालवणाऱ्या पोराने, भोंग्याने, त्याला हाक मारली.

"आजोबा, चलताय का? एकच जागा राहिलीय."

उत्तर आलं नाही. भोंग्याने उतरून खांद्याला हात लावला आणि तसाच मागे सरला. पुढची हकिगत मला त्यानेच सांगितली, कारण गाडीतली माणसं तशीच सोडून तो आधी माझ्या खिडकीशी पळत आला. या करमणुकीच्या बागेत 'हरवलं-सापडलं'ची खिडकी एकोणीस वर्षं मी सांभाळते. घाबरलेली माणसं आधी माझ्याकडेच येतात.

मी पोचले तेव्हा औषधोपचाराच्या खोलीतली नर्स नाडी बघून उठत होती. "ऊन लागलंय," ती म्हणाली. "जाऊन तासभर तरी झाला असेल."

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते, चष्मा जागेवर होता. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मांडीवर कापडी पिशवी. चपला काढून बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या, पाय सुजलेले. आणि बाकापासून दहा पावलांवर पिण्याच्या पाण्याचा नळ होता.

"नळ इतका जवळ असून पाणी कसं नाही प्यायले?" मी आपलं बोलून गेले.

"त्यांना कुठे दिसणार तो नळ. लांबचं दिसत नाही त्यांना," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

वळून पाहिलं तर दोन नंबरच्या फाटकावरची पोरगी. फाटकावर तिकिटं देणाऱ्यांना आम्ही फाटकाच्या नंबरानेच ओळखतो, म्हणून ती 'दोन नंबर'. तिशीची, अबोल, कामाला चोख. बागेचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी तिला ओळख पटवायला बोलावलं होतं. ती बाकाजवळ आली नाही. खांबाशी उभी राहून तिने एकदाच पाहिलं.

"निळी गाडी," ती म्हणाली. "अकराच्या सुमारास. एक बाई, दोन मुलं. हे मागच्या सीटवर होते."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे घरचे बागेत मजा करतायत आणि बाप इथे. बोलवा त्यांना!"

कर्ण्यावरून निळ्या गाडीचा नंबर पुकारला. दहा मिनिटांत ती बाई दोन मुलांना ओढत आली. साहेबांनी तिला बाकाकडे नेलं. तिने पाहिलं, तोंडावर हात घेतला आणि म्हणाली, "हे आमचे कोणी नाहीत."

२

इथे पार्किंगचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वर्षभरात पार्किंगचे दर तीनदा वाढले. पहिल्यांदा लोक कुरकुरले. दुसऱ्यांदा भांडले. तिसऱ्यांदा गाडी उभी करायचे पैसे लहान मुलाच्या तिकिटापेक्षा जास्त झाले, तेव्हा लोकांनी भांडणंही सोडली. ते हमरस्त्याच्या कडेला गाड्या लावू लागले आणि पोरांना खांद्यावर घेऊन मैलभर चालत येऊ लागले. दारात पोचेपर्यंत पोरं रडवेली आणि बाप तापलेले. पूर्वी वर्षातून चारदा येणारी घरं एकदा येऊ लागली आणि तेसुद्धा एका गाडीत आठ-आठ जण कोंबून.

ओरड फार झाली तेव्हा वरच्यांनी एक सवलत काढली. गाडीत सत्तरीपुढचं माणूस असेल तर पार्किंग फुकट. पण एक माणूस दिवसातून एकदाच चालेल. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर निळ्या शाईचा शिक्का मारायचा, तो दिवसभर धुऊनही जात नाही. फाटकावर हात तपासायचा. खोटेपणा सापडला तर दहापट दंड.

निळ्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी होती, 'मोफत, ज्येष्ठ'.

"मग हा ज्येष्ठ कोण?" साहेबांनी ती चिठ्ठी बाईपुढे धरली. "हवेतून आला?"

बाईने मुलांना जवळ ओढलं. सहा-सात वर्षांची मुलगी तिच्या ओढणीचं टोक चावत उभी होती, धाकटा मुलगा भोंग्याच्या टोपीकडे बघत होता.

"फाटकावरचा कॅमेरा?" मी विचारलं.

"तो नंबरपाट्या बघतो मावशी, माणसं नाही," साहेब म्हणाले. मग मला बाजूला घेऊन आवाज खाली आणला. "हे बघा, पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्ही हमरस्त्यावर अडकलेत. दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्यात लोकांनी, मधून सायकल जाईना. तासभर लागेल. तेवढ्यात हिच्याकडून लिहून घेतो, की म्हाताऱ्याला आम्ही आणलं आणि उन्हात सोडून गेलो. म्हणजे बागेवर काही येणार नाही."

"आणि तिच्यावर?"

"तिने सोडलंय ना त्यांना?"

"ती नाही म्हणते."

"सगळेच नाही म्हणतात. तुम्ही एवढी वर्षं हरवलेल्या वस्तूंचे मालक शोधताय. शोधा ह्यांचा. तास आहे तुमच्याकडे."

"ते वस्तू नाहीत, साहेब."

"कळलं ना मला काय म्हणायचंय!"

त्यांनी बाईला आणि मुलांना कचेरीत नेऊन बसवलं. जाताना त्या मुलीने बाकाकडे मान वळवून हात हलवला. अनोळखी मेलेल्या माणसाला मूल हात हलवून निरोप देत नाही.

३

मी आधी भोंग्याला धरलं. त्याचं तोंड चालू झालं की थांबत नाही, म्हणून तर हे नाव. पण डोळे चांगले आहेत.

"निळी गाडी कुठे उभी आहे रे?"

"तिसऱ्या रांगेत. मीच नेलं त्यांना दारापर्यंत. बाई आणि दोन पोरं."

"म्हातारा?"

"नव्हता. ते आठवतंय, कारण धाकट्याने माझा हॉर्न सात वेळा वाजवला. मी म्हटलं, बाबा रे, माझी नोकरी तू कर, मी झोपाळ्यावर बसतो."

"अकरावी रांग कधी भरली?"

"एक वाजता उघडली. रांगा ओळीनेच भरतात, मावशी. तुम्हाला काय सांगायचं."

मला ते माहीत होतं, फक्त त्याच्या तोंडून हवं होतं. तिसरी रांग फाटकाला लागून आहे. अकरावी पार मागे, कुंपणापाशी. तिसऱ्या रांगेत उतरलेला, पाय सुजलेला म्हातारा उन्हात सगळं मैदान तुडवत मागच्या कुंपणापाशी कशाला जाईल? तिकडे ना दार, ना दुकान. अकराव्या रांगेत माणूस एकाच कारणाने पोचतो. त्याची गाडी तिथे लागते.

म्हणजे अकरा वाजता तो निळ्या गाडीतून आत आला आणि एकनंतर आणखी एका गाडीतून.

मी छपराखाली परत गेले. नर्स तिथे चादर घेऊन बसली होती. तिच्या देखत मी पिशवी उघडली. आत दोन टोप्या, एक तपकिरी आणि एक चौकड्यांची. एक पातळ मफलर, या उन्हात! पाण्याची रिकामी बाटली. आणि कागदात गुंडाळलेली लिंबाची पिळलेली फोड, सुकून लाकडासारखी झालेली.

त्यांचा चष्मा काढून मी डोळ्यांना लावला. समोरची गाडी होती तशीच दिसली. दुसऱ्याचा नंबराचा चष्मा लावला की मला गरगरतं. काही झालं नाही. साधी काच होती ती.

"हात बघा," नर्स म्हणाली.

उजव्या हाताच्या पाठीची कातडी सोललेली होती, पण ताजी नव्हे. कडेने खपली धरलेली, आठवडाभराची तरी. तिथे शिक्का नव्हताच.

४

कचेरीत साहेब कागद लिहीत होते. बाई खुर्चीच्या टोकाला बसली होती. मी तिच्या मुलीसमोर जमिनीवर बसले. या वयात खाली बसणं म्हणजे उठताना दोन माणसं लागतात, हे मी तिला सांगितलं. तिला थोडं हसू आलं.

"ते आजोबा छान होते का गं?"

तिने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले.

"आमचे नव्हते ते," मुलगी म्हणाली. "गाडीपुरते आजोबा होते. मम्मी म्हणाली, फाटक जाईपर्यंत आजोबा म्हणायचं."

साहेबांचं पेन थांबलं.

मग बाईच्या तोंडून सगळं बाहेर आलं. हमरस्त्यावरच्या चौकात तो म्हातारा छत्रीखाली उभा असतो. गाडी हळू झाली की खिडकीशी येऊन विचारतो, आजोबा हवेत का? पार्किंगच्या निम्मे पैसे त्याला द्यायचे. आत गेल्यावर तो उतरतो आणि चालत चौकात परत जातो.

"आठ महिने पैसे साठवलेत हो मी. तिकिटांचेच जेमतेम जमले होते," ती म्हणाली. "दहापट दंड कुठून भरू? म्हणून नाही म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं."

"गाडीत काय बोलले ते?"

"हिला पाढा विचारला, सातचा. ही म्हणत होती तेवढ्यात फाटक आलं, तर म्हणाले, थांबू नको बाळ, पुरा कर." तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "फाटकावरच्या बाईला वाटलं असेल, किती शिकवतात आजोबा."

साहेब उठले. "म्हणजे धंदाच होता! बरं झालं मेला... म्हणजे, तसं नाही. पण मावशी, ह्याने फरक काय पडतो? हिनेच आत आणलं ना? आता वर फसवणूकही. लिहा हो बाई, इथे सही करा आणि मोकळ्या व्हा."

"अकरा वाजता आणलं," मी म्हणाले. "तो मेला एकनंतर, दुसऱ्या कोणाच्या रांगेत. मधल्या वेळात तो जिवंत होता, चालत होता आणि कोणीतरी त्याला पुन्हा आत सोडत होतं."

"कोण?"

"अर्धा तास राहिलाय ना अजून?"

बाईने पेन हातात घेतलं होतं. धाकटा रडायला लागला होता. त्या पेनाचा मला भरवसा वाटेना.

५

बाहेर येऊन मी भिंतीच्या सावलीत उभी राहिले आणि त्या लिंबाचा विचार करू लागले.

शाई घालवायला तो लिंबू घासायचा, हे उघड होतं. टोप्या, मफलर आणि साध्या काचेचा चष्मा वेष बदलायला. पण फोड सुकलेली होती आणि हाताची जखम भरत आली होती. म्हणजे आठवडाभर त्याने हात घासला नव्हता. तरी तो रोज येत होता, आणि आज तर नक्कीच दोनदा आत आला होता. शिक्का न घासता दुसऱ्यांदा फाटक ओलांडायचं कसं?

मी परत छपराकडे गेले आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. त्यांच्या उजव्या बाहीचं बटण काढून कफ उलटा केला.

आतल्या बाजूला निळ्या शाईचे गोल होते. सहा ताजे. त्यांच्याखाली धुऊन फिके झालेले आणखी कितीतरी, एकावर एक. प्रत्येक गोलात फाटकाचा आकडा होता, दोन.

नर्सने वाकून पाहिलं. "कफवर का मारलेत?"

"समोरच्या खोलीतून देखरेख करणारा बघत असतो. हात पुढे आला, शिक्का उठला, एवढं त्याला दिसलं की झालं," मी म्हणाले. "पण सोललेल्या कातडीवर शाई झोंबते."

लाच खाणारं माणूस असतं तर सरळ कातडीवर मारून मोकळं झालं असतं. किंवा मारलाच नसता. गाड्यांची रांग लागलेली असताना, कोणी बघत असताना, एका म्हाताऱ्याचा कफ बोटाने उलटून त्याला झोंबणार नाही अशा जागी सहा वेळा शिक्का मारायचा, याला लाच म्हणत नाहीत.

आणि मग मला ते खांबाशी उभं राहून म्हटलेलं वाक्य आठवलं. चष्मा लावलेल्या माणसाकडे बघून 'त्यांना लांबचं दिसत नाही' असं कोण म्हणेल? तो चष्मा खोटा आहे आणि खरा त्यांच्याजवळ नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तेच माणूस.

मी दोन नंबरच्या फाटकाकडे चालू लागले. सातशे पावलं आहेत. अर्ध्या वाटेत माझंच डोकं भणभणलं. त्यांनी तर सकाळपासून पाच हेलपाटे घातले होते, प्रत्येक वेळी पुढे चौकापर्यंतचा मैलही.

६

ती चिठ्ठ्या फाडत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"खरा चष्मा कुठे असतो त्यांचा?"

तिचा हात थांबला. गाडीवाल्याने चिठ्ठी तिच्या बोटांतून ओढून घेतली आणि तो निघून गेला.

"घरी," ती म्हणाली. "कपाटात. बाहेर फुटेल म्हणून वापरत नव्हते." मग खाली बघत, "माझे बाबा आहेत ते, मावशी."

तिने फाटकाची दांडी खाली केली. हॉर्न सुरू झाले. ती भिंतीला टेकून बोलत राहिली, जणू कोणी ऐकत नव्हतं.

दर वाढले तेव्हा तिचा पगार होता तिथेच राहिला. घरी ती आणि बाबा दोघंच. नवरा सोडून गेलेला, मूलबाळ नाही. एकदा जेवताना तिने त्या सवलतीचं सांगितलं. बाबा म्हणाले, मी घरात फुकटच बसून असतो, निदान कोणाचं पार्किंग तरी फुकट होईल. तिला वाटलं गंमत करतायत. चौथ्या दिवशी ते एका पिवळ्या गाडीतून तिच्याच फाटकावर आले, दोन नातवंडांच्या मध्ये बसून.

"मी भांडले. हात सोलून घेतला तेव्हा रडले. ऐकेनात. पैशापेक्षा..." ती थांबली. "संध्याकाळी यायचे आणि सांगायचे, आज मला नऊ नातवंडं झाली. एकाला दात येतायत. एकीला गणित जमत नाही. कोणाचं काय, सगळं लक्षात ठेवायचे. मी म्हणायचे, बाबा, तीन मिनिटांची ओळख. तर म्हणायचे, तीन मिनिटं काय कमी आहेत?"

"मग मघाशी तू..."

"साहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, चक्कर आली असेल. येऊन बघते तर..." तिने पदराने नव्हे, तिकिटांच्या गड्ड्यानेच डोळे टिपले. "माझे म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. पोलीस आले असते. मला एवढंच सुचलं, की कोणाची तरी गाडी सांगावी. निळी आठवली, कारण ती पोरगी पाढा म्हणत होती. वाटलं, चांगल्या घरची माणसं आहेत. नीट नेतील त्यांना."

"ती बाई आत सही करतेय," मी म्हणाले. "बापाला उन्हात टाकून गेले म्हणून. पोरांच्या देखत. मी आत्ता जाऊन साहेबांना सगळं सांगणार आहे. मला ते टाळता येणार नाही. पण तू आधी सांगितलंस तर बरं."

मी वळले. मागे पावलं ऐकू येतात का, यावर कान ठेवून मी सातशे पावलं चालले. काही ऐकू आलं नाही. हॉर्न फार वाजत होते.

७

मी छपरापाशी पोचते तोच रुग्णवाहिका आली, तीसुद्धा मागच्या कुंपणाचा तुकडा तोडून. हमरस्त्याने आत शिरताच आलं नाही. दोघा माणसांनी त्यांना उचलून आत ठेवलं. साहेब बाईला घेऊन बाहेर आले होते, हातात कागद, वर तिची अर्धी सही. पेन अजून तिच्याच हातात होतं.

"नातेवाईक कोण?" रुग्णवाहिकेवरच्या माणसाने विचारलं. "एकजण बरोबर लागेल. नाहीतर बेवारस लिहू."

साहेबांनी बाईकडे बोट केलं. मी तोंड उघडलं. पण बाईच पुढे झाली.

"मी जाते," ती म्हणाली. "कोणी नसेल तर मी जाते. असं एकटं कसं पाठवायचं?"

"थांबा."

दोन नंबर धावत आली होती. तिला धाप लागली होती, एका पायातली चप्पल वाटेत कुठेतरी राहिली होती. ती साहेबांसमोर उभी राहिली.

"माझे वडील आहेत. ह्या ताईंचा काही संबंध नाही. आत मीच सोडत होते त्यांना, महिनाभर, रोज."

साहेब बघतच राहिले. "अगं, मग मघाशी इथे उभी राहून..." हातातला कागद त्यांनी आधी दुमडला, मग फाडला. मला वाटतं, त्या दिवसात त्यांनी केलेलं तेवढंच बरं काम.

निळ्या गाडीवालीने पेन खाली टाकलं आणि त्या पोरीला कवेत घेतलं. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. मुलगी खालून विचारत होती, "आजोबांना कुठे नेतायत?"

मी दोन नंबरला दंडाला धरून गाडीत चढवलं. ती त्यांच्या पायांशी बसली आणि सुजलेल्या पावलांवर तिने हात ठेवला. मग माझी बाही पकडली.

"मावशी, ते तुम्हाला सापडलं नाही, ते सांगू का?"

"सांग."

"एक वाजताची शेवटची फेरी. गाडी फाटकावर थांबली. मी कफ वर करत होते, तर त्यांनी माझं बोट धरलं. कधी धरत नाहीत. ओळख दाखवायची नाही, असं ठरलेलं. म्हणाले, बाळ, जरा इथे तुझ्या खुर्चीवर बसू का? दोन मिनिटं." "देखरेखीवाला खिडकीत उभा होता. मी बोट सोडवून घेतलं."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, पुढे चला आजोबा. मागे गाड्या थांबल्यात."

दार लागलं. रुग्णवाहिका मैदानातून हळूहळू निघाली, आणि रांगेत जागा शोधत फिरणारा एक गाडीवाला तिच्या मागून हॉर्न वाजवत राहिला.